लॅपटॉपचा भाव कोठे ठरतो?



आमच्या मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत १९९६ पासून अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. पलीकडे रत्नागिरी शहरात कला, वाणिज्य, विज्ञान, तंत्रनिकेतन, सगळेच आहे. त्यामुळे जून उजाडला, की या टापूतल्या घराघरांतून फी, एस्‌टीचा पास, वह्यापुस्तके यांचा हिशेब मांडला जातो, आणि अलीकडे त्यात आणखी एका रकमेची भर पडते. ती म्हणजे लॅपटॉप. पूर्वी अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलाला ड्रॉइंगचा बोर्ड आणि टी-स्क्वेअर घेऊन दिला, की बापाचे काम भागत असे. तो बोर्ड थोरल्याने वापरला, की धाकट्याला येई आणि पुढे वाडीतल्या तिसऱ्याला दिला जाई. लॅपटॉपचे तसे नाही. किंमत एखाद्या दुभत्या जनावराची, आणि चार-पाच वर्षांत तो म्हातारा होतो.

२०२५ च्या दिवाळीनंतर हा लॅपटॉप चढू लागला. दुकानदाराला विचारावे, तर तो म्हणतो, "काय करणार, काका? रॅम वाढली." उत्तर खरे आहे, पण त्याने समाधान होत नाही. रॅम कशाने वाढली? ती वाढली तर सबंध यंत्राचा भाव किती वाढावा? आणि पुढे ती उतरली, तर तो उतार आपल्या पदरात पडतो का? मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस, यंत्रशास्त्राचा नव्हे. तेव्हा यंत्राविषयी लागेल तेवढेच बोलेन आणि बाजाराविषयी जरा अधिक.

आधी ही रॅम काय ते पाहू. आपल्याकडच्या जुन्या घरात माळा असतो आणि पडवी असते. भात, भांडी, जुनी ट्रंक, सगळे माळ्यावर. पण भात पाखडायचे, नारळ सोलायचे, पत्रावळी लावायच्या, तर माळ्यावर बसून ते होत नाही. वस्तू खाली पडवीत आणावी लागते. लॅपटॉपमध्येही कायमची साठवण असते, तिला हल्ली एसएसडी म्हणतात. तो झाला माळा. आणि चालू काम ज्या जागेवर पसरते, ती पडवी म्हणजे रॅम. यंत्र बंद केले, की पडवी झाडून रिकामी होते. माळ्यावरचे तसेच राहते. पडवी अरुंद असेल, तर एक काम उचलून ठेवल्याशिवाय दुसरे मांडता येत नाही, आणि मग मुलगा तक्रार करतो की लॅपटॉप अडकतो. दुकानात "पाचशेबाराची मेमरी आहे" असे कोणी सांगितले, तर तो माळ्याविषयी बोलतो आहे असे समजावे. पडवीचा आकडा लहान असतो : आठ, सोळा, फार तर बत्तीस.

माळा आणि पडवी दोन्ही चिपचीच, आणि दोन्हींचे भाव हेलकावे खातात. पण सोयीसाठी आपण पडवीपुरतेच बोलू.

ही रॅमची चिप जगात बनवणारे मोठे कारखानदार तीनच : दक्षिण कोरियाचे सॅमसंग आणि एस्‌के हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. जगातला नऊ-दशांशाहून अधिक माल या तिघांचा असे अनेक वर्षे चालले आहे. चीनमधली एक कंपनी अलीकडे चौथी म्हणून पुढे येत आहे. पूर्वी असे नव्हते. १९८०च्या सुमारास जपानी, अमेरिकी, युरोपीय मिळून कितीतरी कंपन्या या धंद्यात होत्या. ज्या इंटेलचे नाव आपण लॅपटॉपच्या चिकटपट्टीवर वाचतो, त्या इंटेलने १९७० साली अशी चिप प्रथम मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली आणि १९८५ साली ती बनवण्याचे सोडून दिले, कारण जपानी मालापुढे भाव परवडेना. पुढे जर्मनीची किमोंडा २००९ साली बुडाली, जपानची एल्पिडा २०१२ साली दिवाळखोरीत गेली आणि मायक्रॉनने ती घेतली. धंदा इतका फायद्याचा वाटतो, मग माणसे बुडतात का?

याचे उत्तर आंबा-कांद्याच्या बाजारात आपण रोज पाहतो. लासलगावला एका हंगामात कांद्याला सोन्याचा भाव आला, की पुढच्या हंगामात जो तो कांदाच लावतो. माल बाजारात येतो तेव्हा सगळ्यांचा एकदम येतो, भाव कोसळतो, हात पोळतो. मग लोक कांदा सोडतात, की पुन्हा टंचाई. मेमरीच्या चिपची चाल अगदी हीच आहे. फक्त हंगाम चार महिन्यांचा नसून दोन-तीन वर्षांचा असतो. या चिपचा नवा कारखाना उभा राहून माल द्यायला एवढी वर्षे लागतात आणि खर्च हजारो कोटी रुपयांत जातो. हापूसचे कलम लावल्यावर हाताशी धरण्याजोगे पीक यायला पाच-सहा वर्षे जातात, तसेच हे. आज भाव आहे म्हणून आज लावलेले कलम आजचा भाव घेत नाही.

बरे, कारखाना चालू असला तरी माल हाताला लगेच लागत नाही. सिलिकॉनची आरशासारखी चकती आत गेली, की शेकडो प्रक्रिया होऊन चिप बाहेर पडायला तीनेक महिने लागतात. आणि मंदी आली म्हणून कारखाना बंदही करता येत नाही, कारण बहुतेक खर्च यंत्रसामग्रीत आधीच गाडलेला असतो. नुकसान सोसूनही चकत्या फिरत ठेवाव्या लागतात. चिप कुजत नाही हे खरे, पण ती शिळी होते. वर्ष-दोन वर्षांत तिच्याहून सरस जात आली, की गोदामातल्या मालाला कोण विचारतो? म्हणून मंदीत प्रत्येकजण माल काढून टाकायला बघतो. त्यात या कंपनीची आठ जीबी आणि त्या कंपनीची आठ जीबी एकाच ठरलेल्या मापाची. देवगड की रत्नागिरी असा वाद घालायला तिथे जागा नाही. माल सारखा, म्हणून स्पर्धा फक्त भावावर.

२०२३ साली हे टोकाला गेले. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, घरोघरी शाळा आणि कचेऱ्या भरल्या, जगभर लॅपटॉप खपले. ज्यांना घ्यायचे होते त्यांनी घेऊन झाले, आणि २०२२च्या मध्यापासून मागणी आटली. कारखाने मात्र चालूच होते. मायक्रॉनला २०२३च्या आर्थिक वर्षात सुमारे ५८३ कोटी डॉलरांचा तोटा आला. सॅमसंगसारख्या बलाढ्य कंपनीला एप्रिल २०२३ मध्ये उत्पादन कमी करत असल्याचे जाहीर करावे लागले. त्या दिवसांत ज्याने लॅपटॉप घेतला, त्याला रॅम जवळजवळ कोकमाच्या सरबतातल्या साखरेसारखी सढळ हाताने मिळाली. पण ते कोणाच्या लक्षात आले नाही. स्वस्ताई आली की आपण तिला आपल्या घासाघिशीचे श्रेय देतो.

तोटा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी हात आखडतो. या तिघांनीही तेच केले. नेमके तेव्हाच एक नवे गिऱ्हाईक दारात आले : कृत्रिम बुद्धिमत्ता. तुमच्या फोनला मराठीत प्रश्न विचारला आणि त्याने चुरुचुरु उत्तर दिले, तर ते उत्तर फोनमध्ये तयार होत नाही. कुठल्यातरी दूरच्या, हजारो यंत्रांच्या दालनात तयार होते. त्या यंत्रांना चिपवर चिप रचलेली, अतिशय वेगवान अशी वेगळ्या जातीची मेमरी लागते. तेवढीच साठवण देण्यासाठी ती नेहमीच्या रॅमच्या सुमारे तिप्पट चकत्या खाते, असे खुद्द मायक्रॉननेच सांगितले आहे. म्हणजे या दालनांसाठी एक माप मेमरी निघाली, की आपल्या लॅपटॉपची तीन मापे कमी. आणि हे गिऱ्हाईक भावाला कां-कूं करत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर चांगले पापलेट उतरते तेव्हा त्यावर पहिला हात कोणाचा पडतो हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. बाहेर जाऊन जे उरते, त्यात गावाचा बाजार भरतो, आणि भावही बाहेरचाच द्यावा लागतो.

डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने जाहीर केले, की किरकोळ गिऱ्हाइकांसाठी 'क्रुशल' या नावाने ती जी रॅम आणि एसएसडी विकत असे, तो व्यवहार ती बंद करणार. आपल्याकडच्या दुकानांत हे नाव चांगले परिचयाचे होते. मला ती बातमी भावाच्या आकड्यांपेक्षा अधिक बोलकी वाटली. शेतकऱ्याने ठोक गिऱ्हाईक मिळाले म्हणून गावचा बाजारच सोडावा, असा तो प्रकार होता.

आता कोणी म्हणेल, हा सगळा मागणी-पुरवठ्याचा खेळ, यात लबाडी नाही का? कधी कधी तीही असते. १९९९ ते २००२ या काळात काही मेमरी कंपन्यांनी आपसांत बोलून भाव ठरवले, असे अमेरिकेच्या न्यायखात्याने सिद्ध केले. २००५ साली सॅमसंगने गुन्हा कबूल करून ३० कोटी डॉलर दंड भरला. इतरांनाही दंड झाले. पण प्रत्येक भाववाढीमागे कट शोधण्यात अर्थ नाही. ४ जुलै १९९३ रोजी जपानच्या निइहामा गावी सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिपचे वेष्टन करण्याची राळ बनत असे, आणि जगाला लागणाऱ्या अशा राळेचा सुमारे साठ टक्के हिस्सा त्या एका ठिकाणचा होता. बातमी पसरताच रॅमचे भाव भडकले. राळ संपायच्या आधी धीर संपला! १९९९च्या सप्टेंबरात तैवानला भूकंप झाला, २०१३च्या सप्टेंबरात चीनमधल्या वूशी येथे हायनिक्सच्या कारखान्याला आग लागली. दोन्ही वेळा तेच. ज्या धंद्यात पुरवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तिथे एकाच्या घरी ठिणगी पडली तरी सगळ्या गावात धूर होतो.

येथपर्यंत परदेशाची कथा झाली. ती रत्नागिरीच्या दुकानात कशी पोहोचते?

मोठ्या लॅपटॉप कंपन्या रॅम तीन-तीन महिन्यांच्या करारांनी घेतात, जशी आपल्याकडे मोहोर पाहून बाग कराराने दिली जाते. करारावाचून जो माल उरतो, तो रोखीच्या बाजारात जातो आणि तिथला भाव दिवसागणिक हलतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटी रॅम विकणारे व्यापारी या रोखीच्या भावावर डोळा ठेवून असतात, आणि आपला दुकानदार त्यांच्याकडे किंवा पुण्या-कोल्हापूरच्या ठोक व्यापाऱ्याकडे विचारणा करतो. म्हणून सुट्या रॅमची पट्टी आधी महागते, बंद खोक्यातला लॅपटॉप काही महिन्यांनी. २०२५च्या शेवटच्या महिन्यांत कित्येक पट्ट्यांचे भाव दुपटीच्या वर गेले, तेव्हा लॅपटॉपच्या किमती नुकत्या कुठे हलू लागल्या होत्या.

किती हलाव्यात? एचपी या कंपनीच्या प्रमुखांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले होते, की नेहमीच्या संगणकाच्या खर्चात मेमरीचा वाटा १५ ते १८ टक्के असतो. हिशेबासाठी धरू, की एका लॅपटॉपचा कंपनीला पडणारा खर्च ३०,००० रुपये, आणि त्यात मेमरी ५,००० ची. मेमरी दुप्पट झाली : खर्च ५,००० ने वाढला. ठोक व्यापारी आणि दुकानदार आपली टक्केवारी वाढीव रकमेवरही लावतात. दोघांची मिळून आठ टक्के धरा, म्हणजे ५,४०० झाले. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ९७२. कारखान्यातले पाच हजार आपल्या दारात येईपर्यंत सहा हजार तीनशे बहात्तर होतात. शिवाय हा सगळा माल डॉलरांत घ्यावा लागतो, आणि डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वद रुपयांच्या पलीकडे गेला, तो बोजा निराळा.

मग मेमरी निम्म्याने उतरली, तर किंमतही तशीच उतरते का? माझ्या पाहण्यात तसे होत नाही. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा आपण वर्षानुवर्षे पाचच रुपयांना घेतला, पण आतली बिस्किटे कमी होत गेली. लॅपटॉपचेही दर ठरलेल्या पायऱ्यांवर उभे असतात : चाळीस हजारांचा, पन्नास हजारांचा, साठ हजारांचा. स्वस्ताईत त्याच पन्नास हजारांत आठऐवजी सोळा जीबी मिळते, आणि महागाईत सोळाची पुन्हा आठ होते. किंमतीच्या चिठ्ठीवर काहीच हललेले दिसत नाही. म्हणून "गेल्या वर्षी शेजाऱ्याने एवढ्यालाच घेतला होता" ही तुलना फसवी आहे. शेजाऱ्याची पडवी किती होती, ते विचारले पाहिजे.

याचा सर्वांत मोठा फटका शाळांना बसतो, असे मला वाटते. आणि माझ्या श्रोत्यांत शिक्षक पुष्कळ आहेत म्हणून थोडे थांबून सांगतो. मला ठाऊक असलेल्या एका हायस्कुलाने देणगीच्या पैशातून संगणक घ्यायचे ठरवले. रीतीप्रमाणे तीन दरपत्रके मागवली. समितीची बैठक, ठराव, मंजुरी, यात दीड महिना गेला. ऑर्डर घेऊन गुरुजी दुकानात गेले, तर दरपत्रकाची मुदत आठ दिवसांची, ती केव्हाच उलटलेली. नव्या भावात संगणक बसेनात. शेवटी रक्कम तीच ठेवून दुकानदाराने आठच्या ठिकाणी चार जीबीची यंत्रे दिली, आणि शाळेने ती घेतली, कारण ठरावात फक्त "संगणक, नग दहा" एवढेच लिहिले होते. मुले आता एक चौकट उघडण्यासाठी दुसरी मिटतात. दोष कोणा एकाचा नाही. भाव स्थिर असतात असे गृहीत धरून आपली खरेदीची रीत बसवलेली आहे, आणि हा माल तर भाजीच्या जातीचा निघाला. ठरावात जीबीचा आकडा लिहावा, आणि दरपत्रके बैठकीच्या आधल्या आठवड्यातच मागवावीत, एवढे तरी करता येईल.

गुजरातमध्ये साणंद येथे मायक्रॉनच्या प्रकल्पाची २०२३ साली पायाभरणी झाली, तेव्हा आता रॅम देशातच स्वस्त होईल असे बऱ्याच जणांना वाटले. रोजगाराच्या दृष्टीने त्याचे मोल आहेच. पण तो प्रकल्प चिपची जुळणी आणि तपासणी करण्याचा. चकत्या बाहेरूनच यायच्या. आणि पुढे चकत्याही इथे होऊ लागल्या, तरी हापूस रत्नागिरीत पिकून भाव वाशीला ठरतो, हे आपण जाणतोच.

तर मग पालकांनी काय करावे? भाव उतरेपर्यंत थांबावे का, असे मला पुष्कळजण विचारतात. नवे कारखाने माल देऊ लागतील तेव्हा भाव उतरतील, आजवर प्रत्येक वेळी उतरले आहेत. पण त्याला वर्षे लागतात, आणि मुलाचे शिक्षणही तेवढ्याच वर्षांचे असते. ज्याला या वर्षी खरोखर लागणार आहे, त्याने या वर्षी घ्यावा. मात्र किती लागणार आहे हे आधी ठरवावे. कला-वाणिज्याच्या मुलाला टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, व्याख्याने पाहणे, एवढ्यासाठी आठ जीबी पुरते. यंत्रांची रेखाटने करणाऱ्या अभियांत्रिकीच्या मुलाला सोळा हवी. पण ती पहिल्याच दिवशी हवी असे नाही. पहिल्या वर्षाचे काम आठवर निभते. तेव्हा आठचा असा लॅपटॉप घ्यावा, की ज्यात दुसरी पट्टी बसवायला खाच मोकळी आहे. भाव उतरले, की तिसऱ्या वर्षी पट्टी टाकून घ्यावी. काही लॅपटॉपांत, विशेषतः पातळ आणि देखण्या लॅपटॉपांत, रॅम मुख्य पट्टावर डाक लावून पक्की केलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही. महागाईच्या काळात असला लॅपटॉप आठ जीबीचा घेणे मला तरी पटत नाही.

घरात जुना असेल, तर तो आधी पाहावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली आणि बरीच चालती यंत्रे लोकांनी मोडीत काढायला घेतली. अशा यंत्रावर हलकी, मोफत प्रणाली घालून ती आणखी काही वर्षे वापरता येतात. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची अशी प्रणाली तयार केलेली आहे. मात्र जुन्या यंत्राला नवी पट्टी घेताना जपावे. डीडीआर-४ जातीची पट्टी डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही, आणि जुनी म्हणून ती स्वस्त असेल असेही धरू नये. कारखानदार ती बनवायचे थांबवत आहेत हे कळताच, २०२५च्या जूनमध्ये रोखीच्या बाजारात जुनी जात नवीहून महाग झाली होती. बंद पडलेल्या दुसऱ्या लॅपटॉपमधली तीच जात मिळाली, तर उत्तम. रॅमची पट्टी सहसा खराब होत नाही.

आणि नवा घेताना बिल करण्याआधी दुकानातच यंत्र चालू करायला सांगावे. त्यात टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. तिच्यात मेमरी या नावाखाली किती जीबी आहे, आणि खाचा किती व त्यांतल्या किती भरल्या, हे लिहिलेले असते. खाली 'सोडिम' असा शब्द दिसला, तर पट्टी निघणारी आहे. 'रो ऑफ चिप्स' असे दिसले, तर ती डाक लावलेली. हे आकडे बिलावर लिहून घ्यावेत. दोन मिनिटांचे काम आहे, आणि दुकानदार त्याला हरकत घेत नाही.